एका अपुऱ्या समुद्रचित्राची हकीकत

जव्हार येथील आमच्या घराच्या माळ्यावर आठ वर्षे एक चित्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, जुनी पंचांगे, मोडक्या पायाचा एक पाट आणि आमच्या शिक्षकीच्या दिवसांतील जगाचा फाटका नकाशा अशा मंडळींचा त्यास सहवास होता. ते तेथे आहे हे आम्हांस ठाऊक होते. माळ्यावर चढण्याचा प्रसंग आला म्हणजे त्याची पाठ दिसे आणि पाठीवर शिसपेनीने लिहिलेली ‘डहाणू, २०१६’ ही अक्षरेही दिसत. परंतु ते उलटून पाहावे असे आम्हांस कधी वाटले नाही. खरे सांगावयाचे तर पाहू नये असेच वाटत असे.

ते आमच्या पुतणीने रंगवावयास घेतलेले समुद्राचे तैलचित्र. आमचे वडील बंधू, ज्यांस घरात लहानथोर सर्व आप्पा म्हणत, पोस्टातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आजारी पडले. समुद्राची हवा मानवेल म्हणून त्यांचे शेवटचे काही महिने डहाणूस गेले. पुतणी नाशिकास एका शाळेत चित्रकला शिकविते. ती रजा घेऊन बापाजवळ राहिली. दुपारी आप्पांचा डोळा लागला म्हणजे ती खिडकीशी बसून हे चित्र रंगवीत असे. चित्र सुमारे तीन फूट लांब व दोन फूट रुंद. एके संध्याकाळी आप्पा उशीला टेकून बसले होते. तिने सहज रंगाची सुरी त्यांच्या हाती दिली. रंग फासण्यासाठी चित्रकार पातळ, लवचीक पात्याची एक सुरी वापरतात, ती ही. ज्या गृहस्थाने जन्मात तिकिटावर शिक्का मारण्यापलीकडे कलाव्यापार केला नाही, त्याने त्या सुरीने डाव्या कडेपासून वीतभर लांब असा जाड रंगाचा एक पट्टा ओढला. मध्येच हात थरथरला म्हणून तो पट्टा वाकडा झाला. ‘ही घे तुझी लाट,’ असे म्हणून ते हसले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, माघात, ते गेले. चित्र तेथेच थांबले. डहाणूचे बिऱ्हाड मोडताना सामानाबरोबर तेही जव्हारास आले आणि माळ्यावर चढले.

समुद्राचे चित्र म्हटले, तरी त्यात समुद्र शोधावयास जाणाराची निराशाच व्हावयाची. होडी नाही, शीड नाही, किनाऱ्यावरचे सुरू नाहीत, मावळता सूर्य तर नाहीच. खालच्या बाजूस निळ्या-करड्या रंगाचे काही आडवे पट्टे. मध्ये थोडा पांढुरका झोत. आणि वरचा तिसरा हिस्सा अगदी कोरा, नुसता पातळ मातकट हात फिरविलेला. चित्र म्हटले की रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती डोळ्यांपुढे येणाऱ्यांपैकी आम्ही आहोत. तेव्हा प्रथम हे पाहिले तेव्हा ‘हे पुरे झाले आहे की व्हावयाचे आहे?’ असा प्रश्न आम्ही विचारला होता, आणि पुतणीने तो थट्टेवारी नेला होता.

पुढे तिनेच आम्हांस वासुदेव संतू गायतोंडे यांच्याविषयी सांगितले. हे चित्रकार घराण्याने गोव्याचे, जन्माने नागपूरचे (१९२४), मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. मुंबईस भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत, अगदी समुद्राच्या सन्निध, ते काम करीत. १९७१ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २००१ साली ते वारले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. आपल्या चित्रांस ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांस आवडत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत असे त्यांचे म्हणणे. ते कुंचल्याऐवजी पुष्कळदा रूळ आणि सुरी चालवीत. रंग चढवावा, पुन्हा खरवडून काढावा, पुन्हा चढवावा, असे चाले, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे हातावेगळी होत. हे ऐकल्यावर आमचा विरोध मावळला असे नाही. पण जो माणूस इतक्या सावकाशीने काम करितो तो लोकांस फसविण्यासाठी करीत नसावा, एवढे आम्ही मनाशी कबूल केले.

२०२४ च्या वैशाखात पुतणी सुटीसाठी जव्हारास आली. एके दिवशी ती आपण होऊन माळ्यावर चढली आणि चित्र खाली घेऊन आली. ओटीवर खुर्चीच्या पाठीस ते टेकवून ती कितीतरी वेळ समोर बसून राहिली. मग म्हणाली, ‘काका, मी यावर नवे चित्र काढणार आहे.’

आम्हांस हे रुचले नाही. आरंभिलेले कार्य विघ्ने आली तरी जो सोडीत नाही तो उत्तम, ही भर्तृहरीची शिकवण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतलेली. आम्ही म्हणालो, ‘नवे कशाला? हेच पुरे कर. वरचे आकाश तेवढे राहिले आहे.’

‘तो समुद्र मला आता दिसत नाही, काका. जो दिसत नाही तो पुरा कसा करू? केला तर खोटा होईल.’

‘मग आहे तसेच मधल्या खोलीत टांगू.’ आणि आम्ही वाचनाच्या जोरावर इंग्रज चित्रकार टर्नर याचा दाखला दिला. टर्नर १८५१ साली मरण पावला. त्याच्यामागे राहिलेली चित्रे इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहात गेली. त्यांतील कित्येक अपुरी चित्रे, समुद्राचीसुद्धा, पुढे १९०६ साली लंडनच्या टेट गॅलरीत टांगण्यात आली, आणि लोकांनी ती पुऱ्या चित्रांइतकीच वाखाणली. टर्नरचा अपुरा समुद्र चालतो, तर तुझा का चालू नये?

यावर ती हसली. ‘पण टर्नरने स्वतः ती टांगली नव्हती ना? तो तर टांगलेल्या चित्रालाही हात लावी.’ आणि तिने १८३२ सालची एक हकीकत सांगितली. लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शन उघडण्यापूर्वी चित्रांस रोगण देण्यासाठी चित्रकारांस काही दिवस मिळत. टर्नरचे एक करडे, निवांत समुद्रचित्र कॉन्स्टेबलच्या चित्राशेजारी लागले होते. कॉन्स्टेबलच्या चित्रात लाल-शेंदरी रंगाची रेलचेल. टर्नर आला, दोन्हींकडे पाहिले आणि आपल्या करड्या पाण्यावर रुपयाएवढा एक लाल ठिपका देऊन, एक शब्द न बोलता निघून गेला. मग एक-दीड दिवसाने परत येऊन त्याने त्या ठिपक्याची पाण्यावर तरंगणारी खुणेची बोय केली. शेजारचे सगळे शेंदरी वैभव त्या एका ठिपक्यापुढे फिके पडले म्हणतात.

आमचा शेवटचा मुद्दा आम्ही थोड्या कठोरपणेच मांडला. म्हणालो, ‘हे चित्र नुसते तुझे नाही. यात आप्पांचा हात आहे. ती आठवण पुसावयाची काय?’

ती काही वेळ गप्प राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘आठ वर्षे ते माळ्यावर तोंड फिरवून उभे होते, तेव्हा ती आठवण कुठे होती, काका?’

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या कुटुंबाने आतून चहा आणला म्हणून बरे झाले.

त्याच आठवड्यात मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरून लग्नाचे बोलावणे आले. आमचा एक जुना वारली विद्यार्थी आता स्वतः मुलीचा बाप झाला आहे; तिचे लग्न. पुतणीस बरोबर घेऊन आम्ही गेलो. कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपून केलेल्या भिंतीवर गेरूचा हात दिला होता, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक लिहिलेला होता. ‘लिहिलेला’ हा शब्द त्या लोकांचाच. आमच्या संस्कृतातही चित्र ‘लिहितात’ हे येथे ध्यानात यावे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, बाहेर झाडे, माणसे, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी मंडळी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पुतणीने घरातील म्हातारीस विचारले, थोरल्या मुलाच्या लग्नातला चौक कोठे आहे? म्हातारीने याच भिंतीकडे बोट केले. तो खाली आहे. त्यावर लिंपण पडले, गेरू पडला, आणि आता हा नवा. ‘त्याचं लग्न झालं, त्या चौकाचं काम झालं,’ असे ती अगदी सहज म्हणाली. पुतणी त्या भिंतीवर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

परत येताना गाडीत आम्ही विचार करीत होतो. हे जपून ठेवण्याचे, पुरे-अपुरे ठरविण्याचे संकट भिंतीवरच्या चित्रास नाही. ते कापडावरच्या चित्रास आहे. वारल्यांची चित्रकलाही भिंतीवरून कागद-कापडावर आली, तेव्हाच ती टिकू लागली आणि देशोदेशी गेली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी लग्नकार्य नसतानाही रोज चित्रे काढण्यास आरंभ केला. १९८९ साली त्यांचे काम पॅरिसच्या प्रदर्शनात गेले, २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचे मासे धरण्याच्या जाळ्याचे चित्र आम्ही छापील पाहिले आहे. सबंध कापडभर एकच जाळे. बारीक रेघांचे असे विणकाम की, पाहता पाहता ते जाळेच पाण्यासारखे हेलकावे घेऊ लागते. समुद्र न काढता समुद्र दाखविण्याची ही रीत आम्हांस गायतोंड्यांपेक्षा लवकर उमगली, हे येथे कबूल करितो.

चित्राचे काय करावयाचे हे मात्र ठरेना. सुटी संपेपर्यंत पुतणीने ते चारही बाजूंनी फिरवून पाहिले. उलटे केले, आडवे केले, उभे केले, आरशातही पाहिले. उभे केले की पट्ट्यांच्या भिंती होत, उलटे केले की वर पूर आणि खाली वाळवंट. शेवटी ते जसे होते तसेच ठेवून ती नाशिकास गेली.

मग पाऊस लागला. आमचे जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच पठारावर आहे. मुकण्यांच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि २०१४ पासून आम्ही पालघर जिल्ह्यात मोडतो. बाहेरचे लोक येथे जयविलास राजवाडा आणि दाभोशाचा धबधबा पाहावयास येतात. पण येथले खरे पाहण्याजोगे दृश्य आषाढातील आवणीचे. डोंगराच्या उतारावर पायरीपायरीने उतरत गेलेली भाताची खाचरे, चिखलणी झालेली, पाणी काठोकाठ भरलेले, आणि रोपे अजून इतकी विरळ की हिरवेपणापेक्षा पाणीच अधिक दिसते. ढग खाली उतरून आलेले असतात, त्यांचा रंग त्या पाण्यात पडतो. जुलैच्या पहिल्या रविवारी पुतणी नाशिकहून मोखाड्याच्या रस्त्याने आली, ती घरात शिरली तीच भिजलेली चप्पल न काढता. ‘काका, ते चित्र काढा. मला सापडले.’

तिचे म्हणणे असे की, ते निळे-करडे पट्टे बदलावयाचेच नाहीत. ते समुद्राचे पाणी होते. आता ते खाचरांतले पाणी. दोहोंतही आकाशच उतरलेले असते. बदलावयाचे ते पट्ट्यांच्या मधले आणि वरचे.

यापुढचे दोन महिने दर रविवारी आमची ओटी म्हणजे कारखाना झाली. टर्पेंटाइनचा वास देवघरापर्यंत जाई, म्हणून कुटुंबाची कुरकुर चाले. तथापि जे पाहिले ते ज्यांच्या घरी असे एखादे अर्धवट चित्र पडून असेल त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

प्रथम तिने चौकटीच्या कोपऱ्यांतील लाकडी पाचरी हलकेच ठोकून सैल पडलेले कापड ताणून घेतले. आमच्याकडच्या दमट हवेने पाठीवर बुरशी आली होती. ती उघडिपीच्या दिवशी वाळवून मऊ कुंचल्याने झाडली. दर्शनी भाग जेमतेम ओलसर कापसाने टिपला, चोळला नाही. ‘यावर हल्लीचे पाण्यात कालविण्याचे अॅक्रिलिक रंग का देत नाहीस, लवकर वाळतील,’ असे आम्ही सुचविले. तेव्हा कळले की तैलरंगावर ते नीट धरत नाहीत, पुढेमागे पापुद्रे सुटतात. उलटपक्षी अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगाच्या थरांचाही नियम आहे: खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक. उलट केल्यास वरचा थर आधी वाळून आखडतो, खालचा मागाहून हलतो, आणि वरच्यास तडे जातात. जुना पृष्ठभाग कोरडा पडलेला होता. त्यावर तिने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच फडक्याने पुसून घेतला. सरशी आठ वर्षांपूर्वीचे मंद झालेले निळे रंग पाणी शिंपडल्यासारखे जागे झाले.

दुसरे म्हणजे, तेलाचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून तो घट्ट होतो. म्हणूनच गारठ्यात, दमट हवेत त्यास वेळ लागतो. आषाढात जव्हारास तैलचित्र रंगविणे म्हणजे पापड वाळत घालण्यासारखेच धाडस. एका रविवारी दिलेला थर पुढच्या रविवारी बोटास चिकटत असे, आणि मग पुतणी नुसती पाहत बसे व संध्याकाळच्या गाडीने परत जाई. आम्हांस वाटते, या सक्तीच्या थांबण्याने चित्राचे कल्याणच झाले.

हिरवा रंग तिने वापरलाच नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत नवलाची वाटली. वाळलेल्या निळ्या पट्ट्यांच्या कडांवर तिने पारदर्शक पिवळ्याचा अत्यंत पातळ थर दिला. निळ्यावरून पिवळे, म्हणजे डोळ्यांस हिरवे. पण ते मिसळून केलेले हिरवे नव्हे. काचेतून पाहावे तसे पिवळ्यातून खालचे निळे दिसते, आणि त्याचेच हिरवे भासते. अर्थात भाताच्या त्या कोवळ्या हिरव्यात डहाणूचा समुद्र आहे तसा आहे. तो काढला तर हिरवेही जाईल. त्या पिवळ्याच्या नळीवर ‘इंडियन यलो’ असे नाव होते. या नावाचा मूळ रंग बंगाल-बिहाराकडून युरोपात जाई. तो कशाचा होतो हे पाहण्यासाठी त्रैलोक्यनाथ मुखर्जी मोंगीरजवळील मिर्झापूर गावी गेले, आणि गाईंस नुसती आंब्याची पाने व पाणी देऊन त्यांचे गोमूत्र आटवून हा रंग करितात, असे त्यांनी १८८३ साली लिहून कळविले. हे आम्ही वाचून दाखविताच आमचे कुटुंब म्हणाले, ‘म्हणजे सोवळ्यातलाच की! मग उगीच इतके दिवस देवघराचे दार लोटून घेतले.’ आजची नळी कारखान्यातील रसायनाची, हे सांगून आम्ही त्यांचे समाधान बिघडविले नाही.

चित्र पुढे सरकू लागले तशी आमची लुडबूड वाढली. आम्ही म्हणालो, आवणी आहे तर एखादा बैल हवा. इरले पांघरलेली दोन-चार माणसे वाकलेली हवीत. कोपऱ्यात पळस शोभेल. पुतणी ‘बघू’ म्हणे आणि काही काढीत नसे. मग एके रात्री शाकुंतलाचा सहावा अंक सहज चाळीत असता आम्हांस आमचेच हसू आले. दुष्यंताने विरहात शकुंतलेचे चित्र काढले आहे. ते अपुरे आहे. त्यास त्यात मालिनी नदी हवी, तिच्या वाळूवर हंसांची जोडपी हवीत, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरिणे हवीत. फांद्यांवर वल्कले वाळत घातलेला वृक्ष आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डोळा खाजविणारी हरिणी हवी. त्यावर विदूषक मनाशी म्हणतो की, आता हा सगळे चित्र लांब दाढ्यांच्या तापसांनी भरून टाकणार. आमचा बैल आणि आमचा पळस म्हणजे ते दाढीवाले तापसच होते. आम्ही दुसऱ्या रविवारी तोंड मिटून बसलो.

परंतु एका बाबतीत आम्हांस राहवले नाही. आप्पांचा तो वाकडा पट्टा. पुतणीने गेरूची पूड बाजारातून आणून ती जवसाच्या तेलात काचेवर घोटली होती; खाचरांचे बांध त्या रंगाने काढावयाचे होते. एकेक बांध उमटत चालला. श्रावणातला रविवार होता. बाहेर ऊन-पावसाचा खेळ. तिचा कुंचला डाव्या कडेशी आला तेव्हा आम्ही उठून उभे राहिलो. म्हणालो, ‘बाळ, तेवढा राहू दे.’

‘नुसता तोच निळा ठेवला तर तो तुकडा वेगळा ओरडेल, काका.’

‘ओरडू दे. आप्पांचा आहे.’

तिने कुंचला खाली ठेवला, आणि आम्हांस वाटले की तिने ऐकले. ती आत गेली, तोंड धुऊन आली, पदराने डोळे पुसले, पुन्हा बसली आणि त्या पट्ट्यावरून गेरूचा हात फिरविला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जेथे आप्पांचा हात थरथरला होता तेथे तिचाही कुंचला तसाच वळला. आम्ही काही न बोलता मागील अंगणात जाऊन बसलो. खरे सांगतो, त्या दिवशी ती परत जाताना आम्ही नेहमीप्रमाणे स्थानकापर्यंत पोहोचवावयास गेलो नाही.

पुढच्या खेपेस तिने आल्या आल्या आमचे बोट धरून चित्रापाशी नेले आणि वाळलेल्या रंगावर ठेविले. ‘डोळे मिटा.’ आम्ही मिटले. बोटाखाली तो पट्टा होता. आप्पांनी सुरीने इतका जाड रंग ओढला होता की वरून दिलेल्या पातळ गेरूने त्याचा उंचवटा यत्किंचितही बुजला नव्हता. त्याची सुरुवात, तो थरकाप, शेवटी सुरी उचलताना राहिलेले टोक, सर्व काही होते. तिरप्या उजेडात तर तो सबंध चित्रात सर्वांत उठून दिसतो, कारण शेताचा बांध असा वर आलेलाच असावयाचा. सर्व बांध तिने कुंचल्याने काढले. तो एक मात्र खरोखरीचा आहे. आम्हांस त्याच सहाव्या अंकातील आणखी एक जागा आठवली: दुष्यंताच्या चित्रात शकुंतलेच्या गालावर त्याचा अश्रू पडला होता, तो कसा ओळखू येतो? तर तेथला रंग फुगून वर आला आहे म्हणून. इतकी वर्षे हा श्लोक आम्ही शिकविला. रंग फुगतो म्हणजे काय हे बोटाने प्रथमच पाहिले.

अलीकडे यंत्रांनीही हे दिसू लागले आहे. व्हॅन गॉग या डच चित्रकारास पैशाची चणचण असे, म्हणून तो पुष्कळदा जुन्या चित्रावरच नवे काढी. त्याच्या १८८७ सालच्या ‘गवताचा तुकडा’ या चित्रावर २००८ साली तीव्र क्ष-किरण टाकून पाहिले, तेव्हा गवताखाली एका शेतकरी बाईचा चेहरा असल्याचे आढळले. आमच्या चित्रास एवढ्या खटाटोपाची गरज नाही. आमच्या नातवंडांना बोट ठेवण्याची परवानगी आहे, हात धुऊन.

वरचा कोरा हिस्सा तिने जवळजवळ कोराच ठेविला. पूर्वीच्या मातकट रंगावर थोडे पांढरे घासून वर चढणारे धुके तेवढे केले. त्यामुळे चित्र पुरे झाले की नाही याविषयी आमच्या घरात अद्यापि दोन पक्ष आहेत. कुटुंबाचे मत आकाश राहिले असेच आहे. भाद्रपदात गणपतीच्या आधी ते मधल्या खोलीत टांगले. खाली उजवीकडे पुतणीचे नाव आणि ‘२०२४’. पाठीवर ‘डहाणू, २०१६’ तसेच आहे, ते तिने खोडले नाही.

गणपतीच्या दिवसांत मोखाड्याचा तो विद्यार्थी, ज्याच्या मुलीच्या लग्नास आम्ही गेलो होतो, दर्शनास आला. प्रसाद घेऊन तो मधल्या खोलीत बसला आणि समोर पाहू लागला. त्यास कोणी काही सांगितलेले नव्हते, आणि चित्रात भाताचे एक रोपही ओळखू येण्यासारखे नाही. बराच वेळ पाहून तो उठला, जवळ गेला, आणि नेमके आप्पांच्या बांधावर बोट न लावता हवेतच बोट फिरवून म्हणाला, ‘गुरुजी, इथं पाण्याला वाट नाही ठेवली. एवढं पाणी तुंबलं तर हा बांध फुटेल.’

आम्ही पुतणीकडे पाहिले. ती त्या बांधाकडे पाहत होती. रंगाची पेटी कोनाड्यात तशीच उघडी होती, सुरी वरच होती. ती जरा हसली, म्हणाली, ‘खरं आहे’; पण सुरीला तिने हात लावला नाही.